५८व्या वर्षी स्कूबा शिकतेय, मास्क काढला की धीर सुटतो – मदत हवी आहे

पोहायला येतं, खोल पाण्याची भीती नाही. समुद्रातली प्रवाळं जवळून बघायची फार वर्षांची इच्छा होती, म्हणून स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याचा, ओपन वॉटर डायव्हर हा सुरुवातीचा कोर्स सुरू केलाय. २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगत राहणं पार पडलं. वेळेची अट नव्हती, सावकाश केलं.

गाडी अडलीय ती एकाच ठिकाणी. पाण्याखाली मास्क पूर्ण काढून परत घालायचा असतो. मास्कमध्ये शिरलेलं थोडं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढणं जमतं. पण मास्क चेहऱ्यावरून निघाला आणि नाकपुड्यांना पाणी लागलं, की श्वास जागच्या जागी अडकतो. तोंडात रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं तोंडात धरायचं यंत्र) आहे, हवा येतेय, हे डोक्याला कळतं, पण छाती ऐकत नाही. तलावात नुसतं उभं राहिलं की डोकं बाहेर येतं. १० मीटरवर असं झालं तर? तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते, म्हणून श्वास रोखून वर यायचं नाही हे पक्कं शिकवलंय. नेमकं तेच माझ्याकडून होईल याची धास्ती बसलीय.

बॅचमधली बाकीची मुलं विशीतली, एकदा दाखवलं की करतात. मला वेगळा वेळ मागितला तर चालतो का? शिवाय खाली जाताना डावा कान उशिरा सुटतो (आतला-बाहेरचा दाब सारखा व्हायला वेळ लागतो) आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. माझ्यासारखं उशिरा शिकलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १
ताई, मीही पन्नाशीनंतर शिकलो, आणि माझंही घोडं इथेच अडलं होतं. टाकी बाजूला ठेवा. कमरेएवढ्या पाण्यात, सोबत कुणाला तरी उभं करून, मास्क न लावता फक्त स्नॉर्कल (वरचं टोक पाण्याबाहेर राहणारी श्वासाची नळी) तोंडात धरा आणि चेहरा पाण्यात घाला. आधी नाक चिमटीत धरून, मग हळूच सोडून. श्वास तोंडाने घ्यायचा आणि सोडताना थोडा नाकातून जाऊ द्यायचा, बुडबुडे निघत असताना पाणी आत येत नाही. मान वर करू नका, हनुवटी किंचित खाली ठेवा, म्हणजे नाकात हवा टिकते. वर बघायचं ते मास्क परत घालून पाणी फुंकताना. कंटाळा येईपर्यंत हे करा. कंटाळा आला म्हणजे भीती गेली असं समजा.

वेगळा वेळ बिनधास्त मागा. कौशल्य नीट जमल्याशिवाय खुल्या पाण्यात न्यायचंच नसतं.

प्रतिसाद २
गोळीचं लपवू नका. वैद्यकीय प्रश्नावलीत पंचेचाळिशीपुढच्यांना रक्तदाबाबद्दल वेगळं विचारलेलं असतं. तिथे 'हो' लिहून डॉक्टरांची सही घ्या, आणि डायव्हिंगची माहिती असलेला डॉक्टर मिळाला तर उत्तमच. कानाचं म्हणाल, तर दुखायची वाट बघायची नाही. पृष्ठभागावरच कान सोडवायला सुरुवात करा, मग उतरताना साधारण दर मीटरला. पाय खाली ठेवून, दोर धरून उतरा. कान सुटला नाही तर थोडं वर या, जोर लावू नका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. स्नॉर्कलचा सराव उद्यापासूनच करते. एक राहिलं: रेग्युलेटर लावून हाच सराव करताना डोळे उघडे ठेवायचे की मिटलेले?

प्रतिसाद १
लेन्स लावत असाल तर मिटलेले, नाहीतर उघडे ठेवा. धूसर का होईना, समोर इन्स्ट्रक्टर दिसला की बराच धीर येतो.