दोन घरांत एक ताई: करार लागतो का?

वारजेकर: नीरजा, ५०० रुपयांच्या स्टँपवर करार करा, नाहीतर अडचणीत याल, असं तुम्ही म्हणता. पण शेजारच्या दोन घरांनी मिळून मुलं सांभाळायला एक ताई ठेवली तर करारबिरार लागत नाही. पगार निम्मा-निम्मा, दोन्ही घरांना 'भारत गृह रक्षा' विमा. उगाच घाबरवू नका लोकांना.

नीरजा_प: घाबरवत नाही, पॉलिसी वाचा म्हणते. भारत गृह रक्षा म्हणजे आग, पूर, भूकंप असल्या संकटांत घर आणि सामानाचं नुकसान. त्यातलं वैयक्तिक अपघाताचं जादा कलम घेतलं तरी ते घरमालक आणि जोडीदारापुरतं, प्रत्येकी ५ लाख, तेही त्याच संकटात मृत्यू झाला तरच. बाळाला घेऊन ताई जिन्यात घसरली, मनगट मोडलं, तर त्यातून एक रुपया निघत नाही. घरकामगारांच्या भरपाईचा विभाग वेगळ्या पॅकेज पॉलिसीत असतो आणि तो मागून घ्यावा लागतो. तो घेतला तरी दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यात ती त्या क्षणी कोणाची नोकर होती, यावर घोडं अडतं.

सदाशिव_३०: घर म्हणजे कारखाना नव्हे! प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्या, वर्षाला २० रुपये, २ लाखांचं संरक्षण. विषय संपला.

नीरजा_प: संपला कुठे? २ लाख मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. प्लास्टरचा खर्च आणि बुडालेला पगार यांचं काय? ताईच्याच नावाने वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, तात्पुरत्या अपंगत्वाच्या साप्ताहिक भरपाईसह. ती कुठल्याही घरात लागू होते. हप्ता निम्मा-निम्मा भरा. मात्र साप्ताहिक भरपाईला उत्पन्नाचा पुरावा लागतो, म्हणून पगार बँकेत.

सदाशिव_३०: आलात बँकेवर! तिला रोख हवे असतील तर तुम्ही कोण ठरवणार? दारूड्या नवऱ्याच्या हातात पासबुक गेलं की संपलंच.

मुळामुठा: म्हणून तर खातं तिच्या एकटीच्या नावाने हवं. नवऱ्याच्या यूपीआयवर पैसे टाकले की उत्पन्न त्याचं दिसतं. आणि खातं उघडताना पूर्ण केवायसी करा. नुसत्या फोटो-सहीवर उघडलेल्या 'छोट्या खात्यात' वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही, महिन्याला १० हजारांवर काढता येत नाही. दोन घरांचा मिळून महिन्याला १५ हजार पगार असेल तर सातव्या महिन्यात खातं अडकतं, आणि मग खापर बँकेवर.

सदाशिव_३०: हे माहीत नव्हतं. पण मुद्दा तिच्या मर्जीचा आहे, केवायसीचा नाही.

मुळामुठा: मर्जी विचारा ना! पण विचारण्याआधी साप्ताहिक भरपाईचं समजावून सांगा. ते न सांगता 'तिला रोखच हवे' म्हणायचं, ही आपली सोय आहे.

वारजेकर: मूळ प्रश्न कराराचा होता. बँकेचं मान्य. पण ५०० रुपयांचा स्टँप कशासाठी?

नीरजा_प: दोन कुटुंबांमधल्या भांडणासाठी. एक घर महिनाभर गावी गेलं तर पगार कोण देणार? एकाने मध्येच सोडलं तर दुसऱ्याने पूर्ण पगार द्यायचा की नोटिशीचा महिना पहिल्याने? एकाच्या बाळाला ताप आला तर दुसऱ्याचं कुठे ठेवायचं? आणि आईवडिलांचा फोन लागला नाही तर बाळाला दवाखान्यात कोणी न्यायचं, त्याचं दोन्हीकडचं सहीचं संमतिपत्र. साध्या कागदावर लिहिलंत तरी करार होतो, पण कोर्टात पुरावा म्हणून द्यायचा तर आधी मुद्रांक शुल्क आणि वर दंड भरावा लागतो.

सदाशिव_३०: कोर्टात जाणार कोण? साध्या कागदावर लिहा, एवढं मी मानतो. पोलीस पडताळणीचा अर्ज मात्र दोन्ही घरांनी वेगवेगळा भरावा, त्यात हयगय नको.