मदत हवी आहे : शेतकरी कंपनीच्या नोंदी कोणाच्या ताब्यात असाव्यात?

लातूर जिल्ह्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला एका खासगी कंपनीने हिशेबाचे सॉफ्टवेअर पहिले वर्षभर फुकट देऊ केले आहे. करारानुसार सगळ्या नोंदी त्यांच्याच सर्व्हरवर राहतील. मात्र पुढे सोडायचे ठरल्यास त्या आम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळतील, याबद्दल त्यात एक ओळही नाही. सभासदांचे सातबारे, बँक खाती, सोयाबीनच्या काटापट्टीवरील वजन, ओलावा, माती आणि डाग, कोणी माल किती दिवस राखून ठेवला, हे सारे परक्या हाती जाणार. आणि शेतकऱ्याची नड ज्याला आधी कळते, तो भाव पाडूनच मागतो.

संचालकांना या वर्षी वाचणारा खर्च दिसतो, आणि तंगीच्या दिवसांत ते स्वाभाविकही आहे. तरीही, सोयाबीनचे घरचे बियाणे राखण्याचा जो हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे, तो आपण जपतो, तर स्वतःच्या नोंदींवरचा ताबा चार पैशांसाठी सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचे आणि व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येईल अशा अटींवर, सर्वांना खुले आहे. मराठवाड्यातील कोणत्या शेतकरी कंपनीने किंवा पतसंस्थेने ते स्वतःच्या संगणकावर चालवले आहे का? तालुक्याच्या ठिकाणी देखभालीला माणूस मिळतो का, आणि वर्षाकाठी प्रत्यक्ष खर्च किती येतो? करार करावाच लागला, तर त्यात कोणती कलमे घालून घ्यावीत, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.