जादूची पुस्तकं आणि आपण 'बाहेरची' पोरं : तुमचेही अनुभव येऊ द्या

सिडकोचा पाहुणा
काल लेकीला घेऊन तपोवनात गेलो होतो. तिथे लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय तो पुतळा आहे ना, त्याच्यापुढे ती हलेचना. मी आपलं सुरू केलं, नासिका म्हणजे नाक, म्हणून नाशिक वगैरे. तिचं लक्षच नाही. म्हणाली, "बाबा, हिला एकपण मैत्रीण नव्हती का?"

गाडी चालवताना एकदम ते पुस्तक आठवलं. १९९४. बाबांची जळगावहून बदली, मी चौथीत, सिडकोतली शाळा. पहिल्याच मधल्या सुट्टीत मी विचारलं, "मना डबा कोठे शे?" झालं. पुढचे दोन महिने माझं नाव 'शे'. सिडकोत निम्मी घरं खानदेशातली, पण हसण्यात तीच पोरं पुढे! घरी अहिराणी बोलणारी, शाळेत एकदम पुणेरी.

मागच्या बाकावर एक सायकल दुकानवाल्याचा मुलगा बसायचा. त्याने दप्तरातून एक पुस्तक काढून दिलं. कव्हर नाही. त्यात एक राक्षसाचं पोर होतं. डरकाळी फोडायला गेलं की त्याला उचकी लागायची, आणि उचकी लागली की जवळची एखादी वस्तू उडायची. कधी कुकरची शिटी, कधी हेडमास्तरांची टोपी. राक्षसांनी त्याला हाकलून दिलेलं. मग ते माणसांच्या गावात एका नव्या आलेल्या मुलाच्या माळ्यावर राहतं. आम्ही दोघं सायकलच्या ट्यूबांच्या ढिगावर बसून वाचायचो. शेवटची पानं नव्हती, म्हणून रोज नवा शेवट. माझ्या शेवटात राक्षस अहिराणी बोलायचा. मित्र म्हणायचा, बरोबरच आहे, राक्षस तसाच बोलणार.

ते पुस्तक आजही माझ्याकडेच आहे. तुमच्याकडे आहे का असं काही?

गोदाकाठची
नाव काय पुस्तकाचं???

सिडकोचा पाहुणा
ताई, कव्हरच नव्हतं हो. पहिली चार पानंही नाहीत.

टवाळ
राक्षसाच्या पोराला म्हणावं नाशकात आलास तर नाक सांभाळ. इथे स्वागताची पद्धत जुनी आहे.

ओझरवाला
आमचं उलटं. एचएएलची, म्हणजे विमानाच्या कारखान्याची कॉलनी. वरच्या मजल्यावर मल्याळी, समोर पंजाबी, शेजारी ओडिया. मराठी असून मीच बाहेरचा, कारण क्रिकेटमधली सगळी भांडणं हिंदीत आणि मला हिंदीत शिव्या येत नव्हत्या. मिग डोक्यावरून गेलं की बाई वाक्य अर्धं सोडून थांबायच्या, आवाज संपला की तिथूनच पुढे. वरचा मल्याळी मित्र मला कुट्टीचातनच्या गोष्टी सांगायचा, म्हणजे त्यांच्याकडचं खोडकर भूत. मी त्याला पिंपळावरचा मुंजा सांगायचो. मग एका सुट्टीत आम्ही दोघांची पाण्याच्या टाकीखाली गाठ घालून दिली. भाषेचा प्रश्न आला. ठरलं की भुतं खुणांनी बोलतात. पूर्ण वही भरली होती. आईने रद्दीत घातली. अजून बोललो नाहीये त्यावर तिच्याशी.

गोदाकाठची
वही रद्दीत 😭 आया सगळ्या सारख्याच

पंचवटीच्या आजी
एका बोटाने लिहिते आहे सांभाळून घ्या. मी कोकणातून सून होऊन आले. इथे सगळे गंगेवर जाऊन येतो म्हणायचे, मला वाटे काशीला निघाले की काय. गोदावरीला गंगा म्हणतात हे कोणी सांगेल तर ना. पुरात दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे बघायला सगळी आळी धावायची, मी आपली घरात, कोण मारुती नि कोण दुतोंड्या. सार्वजनिक वाचनालयात नाव घातलं. १८४० सालचं वाचनालय, पण मला हवी होती पऱ्या राक्षसांची पुस्तकं आणि मोठ्या बाईने ती मागायची कशी. मुलाच्या नावावर आणायची. मुलाने एकही वाचलं नाही. तिथल्या बाई एकदा हसून म्हणाल्या, तुमचा मुलगा फारच वाचतो हो. त्या पुढे माझ्या मैत्रीण झाल्या. बाकी नंतर लिहिते कुकर झाला

टवाळ
आजी, कुकरची शिटी उडाली का बघा.

पंचवटीच्या आजी
मेल्या 😂

सातपूरची बाई
घाईत लिहितेय, तपासायच्या वह्या पडल्यात. आमच्या वर्गात एमआयडीसीत काम करणाऱ्यांची पोरं खूप. यूपी, बिहार, मराठवाडा. शनिवारी शेवटच्या तासाला गोष्ट वाचते. मागे एका घाबरट राक्षसाची वाचली, त्याला गावात कोणी खेळायला घेत नाही अशी. सहा महिने तोंड न उघडलेला मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, राक्षस भी यूपी का है क्या?" वर्ग हसला, तोही हसला. मला मात्र पुढचं पान वाचता येईना. आता मधल्या सुट्टीत त्याला 'राक्षस' म्हणूनच हाक मारतात. आधी रागावले, मग पाहिलं तर कबड्डीत घ्यायला दोन्ही टीम भांडत होत्या. नाव राहू दिलं. बरोबर केलं का माहीत नाही.

ओझरवाला
बाई, मराठी गोष्टी कमी पडत असतील तर 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने नेटवर फुकट ठेवलेत. १९७१ पासूनचा खजिना आहे. रात्री उघडू नका, दोन वाजतात.

सातपूरची बाई
वा! धन्यवाद दादा. प्रिंटरमध्ये शाई असेल तर.

नाशिक टू दुबई
इथे आमच्या पोराला मराठी शाळा नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी आमच्याकडे आली होती. मी मोठ्यांच्या कादंबऱ्या शोधत बसलो, हा गालिच्यावर पालथा पडून भुताचं पुस्तक वाचतोय, एकेक अक्षर जोडत. 'झपाटलेला' वर दहा मिनिटं गेली. आता फ्रिजला सुद्धा झपाटलेला म्हणतो.
बाय द वे सिडकोत चांगली मिसळ आता कुठे? डिसेंबरात येतोय.

टवाळ
झाला धागा मिसळीचा.

गोदाकाठची
मिसळीचं सांगते पण काळ्या रश्शाची हवी की लाल ते आधी ठरवा, नंतर भांडणं नकोत

नाशिक टू दुबई
काळा. हे विचारायचं असतं का?

ओझरवाला
मूळ मुद्दा राहिला. पाहुणे, त्या सायकलवाल्या मित्राचं काय झालं?

सिडकोचा पाहुणा
तिथेच आहे. दुकान आता इलेक्ट्रिक स्कूटरचं. आठ-दहा वर्षांत भेट नाही. भांडण वगैरे काही नाही, राहून गेलं. काल रात्री लेकीला पुस्तक वाचून दाखवलं. शेवट नाही म्हटल्यावर तिने पेन्सिलीने मागच्या पुठ्ठ्यावर लिहिला : राक्षस शूर्पणखेला भेटतो, त्याला उचकी लागते आणि तिचं नाक उडत उडत परत जागेवर येतं.

पंचवटीच्या आजी
गुणाची गं बाई

टवाळ
आता पुस्तक परत द्या त्याचं. तीस वर्षांचा दंड किती होतो?

सिडकोचा पाहुणा
रविवारी जातोय. दंड मिसळीत वळता करून घेईल.

नाशिक टू दुबई
कुठली मिसळ ते लिहा म्हणजे झालं