शब्दचर्चा : ‘क्लास अॅक्शन सेटलमेंट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : कॅलिफोर्नियात गोदामात काम करणाऱ्या मराठी कामगारांसाठी नोटिशीचा सारांश मराठीत करायचा आहे. काही कामगारांनी सगळ्यांच्या वतीने लावलेला, थकलेला पगार आणि न मिळालेल्या ब्रेकचा दावा आहे. ‘सामूहिक तडजोड’, ‘चुकवलेली सुट्टी’, ‘दंड’ हे शब्द चालतील का?

प्रतिसाद १ : ‘चुकवलेली’ अजिबात नको, त्याने दोष कामगाराच्या माथी येतो. तिथे पाच तासांहून जास्त काम असेल तर पाचवा तास संपण्याआधी 30 मिनिटांची जेवणाची सुट्टी द्यावी लागते. कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या ‘ब्रिंकर’ खटल्यातील निकालानुसार मालकाने सुट्टी खरोखर मोकळी करून दिली आणि कामगार आपणहून काम करत राहिला, तर भरपाई मिळत नाही. म्हणजे सगळा वाद ‘दिली की नाही’ यावरच असतो. ‘न मिळालेली जेवणाची सुट्टी’ असे सरळ लिहा. दर चार तासांमागची 10 मिनिटांची ‘विश्रांती’ वेगळी, ती पगारी असते.

प्रतिसाद २ : ‘दंड’सुद्धा नको. सुट्टी न मिळाल्यास त्या दिवसाचा एक तासाचा जादा पगार मिळतो. जेवण आणि विश्रांती दोन्ही बुडाली तर दोन तासांचा, पण दिवसाला त्याहून जास्त नाही. तासाला 22 डॉलर असतील तर 44 डॉलर. 2007 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम वेतनच ठरवली, म्हणून दावा लावण्याची मुदत एक वर्षाऐवजी तीन वर्षे झाली. ‘भरपाई वेतन’ लिहा. इंग्रजीत याला ‘प्रीमियम’ म्हणतात, पण ते वाचून आपल्याकडे विम्याचा हप्ताच आठवतो.

प्रतिसाद ३ : मला ‘सामूहिक तडजोड’ जास्त खटकते. तडजोड म्हटले की दोन्हीकडच्यांनी सही केली असे वाटते. इथे काही प्रतिनिधी दावा लावतात, न्यायालय रक्कम वाजवी आहे का ते पाहून मंजुरी देते आणि गप्प बसलेलाही बांधला जातो. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत (आदेश 1, नियम 8) ‘प्रातिनिधिक दावा’ आहेच, म्हणून ‘प्रातिनिधिक दाव्यातील न्यायालय-मंजूर समझोता’ म्हणा. लांब आहे, पण दिशाभूल करत नाही.

‘रिलीज’ला ‘हक्क सोडणे’ ठीक, मात्र जमिनीच्या हक्कसोडपत्रासारखी इथे सही लागत नाही. नोटिशीतल्या मुदतीत ‘मला वगळा’ असे लेखी कळवले नाही, तर हक्क आपोआप सुटतो. हे वाक्य ठळक छापा. अमेरिकी संघराज्याच्या (केंद्राच्या) वेतन कायद्याखालचा सामुदायिक दावा याच्या उलट चालतो, तिथे लेखी संमती देणाराच सामील होतो. एकाच नोटिशीत दोन्ही असतील तर वेगवेगळे परिच्छेद करा.

प्रतिसाद २ : ‘एकूण रक्कम’ आणि ‘वाटपाची रक्कम’ यांतही घोटाळा होतो. समजा एकूण 9,00,000 डॉलर. वकिलांचा तिसरा हिस्सा 3,00,000, खर्च 20,000, वाटप करणाऱ्या संस्थेचे 15,000, प्रतिनिधीचे 5,000 गेले की उरले 5,60,000. सगळ्यांचे मिळून 28,000 कामाचे आठवडे भरले, तर आठवड्याला 20 डॉलर. 80 आठवडे केलेल्याला 1,600, त्यातूनही वेतनाच्या भागावर कर कापला जातो. नोटिशीत छापलेले आठवडे आपल्या पगारपावत्यांशी ताडून पाहावेत. कमी भरले तर मुदतीत पावत्यांच्या प्रती जोडून हरकत कळवावी.

प्रतिसाद १ : तिथे ‘हरकत’ऐवजी ‘आठवड्यांची दुरुस्ती’ लिहा. समझोत्यावरची ‘हरकत’ न्यायाधीशांपुढे जाते, ती निराळी.