श्रावणापासून दारू एकदम बंद केली तर चालेल का?

माणदेशी_भाचा
मामांचं वय ५२. बरीच वर्षं रोज दोन क्वार्टर. सकाळी थोडी पोटात गेल्याशिवाय हात थरथरतात, कप बशीत वाजतो. शुगरची गोळी चालू आहे. दर वर्षी श्रावण पाळायचं ठरवतात. गेल्या वर्षी गटारीनंतर तिसऱ्या रात्री बडबडायला लागले, अंगावरचे नसलेले किडे झटकत होते. घाबरून घरच्यांनीच परत पाजली. यंदा "कायमचीच सोडतो" म्हणतात. मामीला कुणीतरी एक पावडर सांगितलीय, भाजीत कालवून द्यायची, माणसाला पत्ताही लागत नाही म्हणे. घरीच जमेल का? कुठल्या गोळ्या आणून ठेवू?

वॉर्ड_सात
घरी नको. किडे दिसले ही एकच गोष्ट भरती करायला पुरेशी आहे.

दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिली. ४२.८ टक्क्यांची दारू धरली तर रोज साधारण १२० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मेंदू वर्षानुवर्षं या गुंगीला तोंड द्यायला सतत जास्तीच्या जोरावर चालत असतो. दारू बंद झाली तरी तो जोर लगेच ओसरत नाही. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड. फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, वेळ-जागेचं भान सुटणं. मामांना तिसऱ्या रात्री झालं ते हेच. उपचार नसतील तर यात माणूस दगावतो.

एकदा असं झालेल्याला पुढच्या वेळी धोका जास्त असतो, आणि सोड-धर जितकी होते तितका त्रास वाढत जातो. त्यामुळे दर श्रावणात एकदम बंद करून भाद्रपदात पुन्हा सुरू करणं हे अशा माणसासाठी वाईटच. रोज पिण्याची सवय न जडलेल्याने श्रावण पाळला तर प्रश्न नाही, पण सकाळी थरथर होणाऱ्याचा हिशोब वेगळा.

दवाखान्यात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम भरपूर मात्रेत सुरू करून साधारण आठवड्याभरात उतरवत आणतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. या गोळ्या स्वतः आणून ठेवू नका. त्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावतो, आणि चिठ्ठीशिवाय त्या मिळायलाही नकोत.

गोळीवाला
पावडरीबद्दल. अशा पुड्यांवर आत काय आहे ते बहुतेक वेळा धड लिहिलेलं नसतं. डायसल्फिरॅम निघालं तर गाठ मोठी आहे. हे औषध दारूचं शरीरात होणारं विघटन अर्ध्यावर अडवतं, ॲसिटाल्डिहाइड साचतं. चेहरा लालबुंद, डोकं ठणकतं, उलट्या, रक्तदाब खाली. हृदयाचा किंवा लिव्हरचा त्रास असलेल्याच्या जिवावर बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. म्हणून ते देतात ते माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने, आणि किमान २४ तास दारू पोटात नसताना. चालू पिण्यात चोरून कालवलं तर भाजीतच विष कालवल्यासारखं.

माहितीने घेणाऱ्यांनाही आम्ही काउंटरवर बजावतो: द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधं, आफ्टरशेव्ह, सगळं बाजूला. तलफेसाठी नालट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट अशी इतर औषधंही आहेत. लिव्हर-किडनीच्या तपासण्या पाहून डॉक्टर निवडतील.

वॉर्ड_सात
एक राहिलं. गावात "अशक्तपणा आलाय, सलाइन लावा" म्हणून डेक्स्ट्रोजची बाटली चढवतात. रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी१, संपत आलेलं असतं. नुसती साखर चढवली तर उरलंसुरलंही खर्च होतं. मग तोल जाणं, बुबुळं थरथरणं, गोंधळ, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाणं. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग बाटली.

इन्सुलिन_पेन
बरोबर, पण मामा शुगरची गोळी घेतात. घाम आणि थरथर साखर घसरल्यानेही होते, दारू सोडल्यानेही. ग्लुकोमीटर लावल्याशिवाय ठरवू नका. ७० च्या खाली असेल तर थायमिनची वाट बघत ग्लुकोज अडवायचं नाही. शुद्धीवर असतील तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. थायमिन सोबत किंवा लगेच नंतर.

माणदेशी_भाचा
सरकारी दवाखान्यात मानसोपचारवाले मंगळवारीच येतात. तोवर चार दिवस काय करायचं?

वॉर्ड_सात
तोवर बंद करायला लावू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण लपवणं, ओतून देणं, देवासमोर शपथ घालणं हे या चार दिवसांत नको. नेहमीपेक्षा जास्त नाही, एकदम कमीही नाही. दोन्ही वेळ जेवण, पाणी. गाडीची किल्ली मात्र काढून घ्या.

फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान हलवा. तोंडात चमचा, पाणी घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. फिट, भास, ताप किंवा सततची उलटी, यातलं काहीही झालं तर मंगळवार विसरा, १०८ लावा.

चिठ्ठीवर लिहून न्या: रोजचं प्रमाण, शेवटचा घोट किती वाजता, गेल्या वर्षीचा प्रकार, शुगरच्या गोळीचं नाव, पूर्वी फिट आली होती का. शेवटच्या घोटाची वेळ घरचे हमखास चुकवतात, आणि पुढचं सगळं वेळापत्रक तिच्यावरच असतं. मध्ये कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस १४४१६ चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलतात.

झोप नंतर काही आठवडे उडालेलीच राहते आणि बरेच जण तिथेच पुन्हा घसरतात. उदासीही सुरुवातीला असते. महिनाभर दारूशिवाय राहूनही हटली नाही तर ती वेगळी तपासून घ्यायची. मामींना अल-अनॉनच्या सभेला पाठवा, त्या घरच्यांसाठीच असतात आणि फी नसते.