71 अंशांचा थर्मोस्टॅट: खरा फायदा की नुसती हौस?

पिस्टनराव: विषय शेवरोलेच्या स्पोर्ट्स कारचा, कॉर्व्हेट सी5 चा, म्हणजे 1997 ते 2004 च्या एलएस1 इंजिनवाल्या गाड्यांचा. कंपनीचा थर्मोस्टॅट (कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, रेडिएटरकडे सोडणारी झडप) 86 अंश सेल्सिअसला उघडतो. मायलेज, प्रदूषणाचे नियम आणि जोर अशी तिहेरी तडजोड आहे ती. ज्याला फक्त जोर हवा त्याने 71 चा (अमेरिकेत ज्याला '160' म्हणतात, फॅरनहाइटमध्ये) बसवावा. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) गार राहिलं की नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून होणारी ठोक) लांब राहतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे ओढत नाही. विरोध असेल तर कारणासकट करा. 'कंपनीला अक्कल नव्हती का?' हे कारण नव्हे.

गॅरेज_काका: कारण घ्या. थर्मोस्टॅट तापमानाचा तळ ठरवतो, माथा नाही. पूर्ण उघडला की त्याचं काम संपलं. पुढे रेडिएटर आणि फॅन जाणे. सी5 चे फॅन मुळात 108 च्या आसपास सुरू होतात. एसी बंद ठेवून सिग्नलला उभे राहा, 71 चा असो की 86 चा, काटा 108 कडेच जाणार. आणि ही गाडी हवा बंपरखालून ओढते. हवा वर वळवणारी खालची काळी पट्टी तुटली असेल किंवा एसीचा कंडेन्सर नि रेडिएटर यांच्या मध्ये पालापाचोळा अडकला असेल, तर आधी तिकडे बघा. निम्म्या 'तापते हो' तक्रारी तिथेच मिटतात.

पिस्टनराव: काका, फॅनचं सेटिंग ट्यूनमध्ये (ईसीयूच्या प्रोग्रॅममध्ये) खाली आणायचंच, ते मी गृहीत धरलंय. हायवेवर मग 75-80 ला गाडी चालते, आणि तिथून पाय दाबला की वर चढायला जागा उरते.

गॅरेज_काका: गृहीत धरलंत तिथेच घोळ. लोक नुसता थर्मोस्टॅट बदलतात नि गाडी पळायला लागली म्हणून सांगत सुटतात.

नागपूरकर: माझ्याकडे कॉर्व्हेट नाही, पण उन्हाळा आहे. रेडिएटर उष्णता टाकतो ती कूलंट आणि हवा यांच्या फरकावर. मे महिन्यात बाहेर 45 असताना 86 च्या कूलंटला 41 अंशांचा फरक मिळतो, 71 च्याला फक्त 26. म्हणजे ऐन गरज असते तेव्हाच तुमचा 71 चा सताड उघडा पडून राहणार.

तेलपाणी: सगळे कूलंटवरच बोलताय. तेलाचं काय? गार इंजिनमध्ये पाण्याची वाफ आणि थोडं पेट्रोल तेलात उतरतं. ते उडून जायला तेल 100 च्या आसपास तापावं लागतं. शिकागोच्या जानेवारीत घर ते ऑफिस दहा मिनिटांचा रस्ता आणि वर 71 चा थर्मोस्टॅट, मग ते तापणार कधी? सिलिंडर गार राहिला की पिस्टनच्या रिंगांची झीजही वाढते. वर हीटर कोमट, आणि चेक इंजिनचा दिवा पी0128 कोड ('कूलंट पुरेसं तापत नाही') घेऊन हजर. सी5 च्या डॅशवर तेलाचं तापमान दिसतं, महिनाभर तेवढं बघा.

टर्बोताई: मग बीएमडब्ल्यूचं काय म्हणाल? त्यांच्या कित्येक इंजिनांत विजेवर चालणारा थर्मोस्टॅट असतो. निवांत चालवताना कूलंट 100 च्या वर, जोर मागितला की खाली 80 कडे. म्हणजे जोरासाठी गार बरं, हे कारखान्यालाही मान्य आहे.

तेलपाणी: ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत! ती गाडी गरजेपुरती गार होते. यांची दूध आणायला गेली तरी गारच.

ट्यूनर_दादा: जोराचं बोलायचं तर फायदा फारच थोडा. एलएस1 चं इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) प्लास्टिकचं आहे, त्यामुळे कूलंट 15 अंशांनी उतरल्याने आत जाणारी हवा फारशी गार होत नाही. चांगलं प्रीमियम पेट्रोल असेल तर 86 ला ईसीयूने टायमिंग मागे घ्यायचं काही कारणही नसतं. कमवाल ते 100 च्या वरचा वेळ टाळून, आणि ते काम फॅनचं सेटिंग एकटंच बरंचसं करतं. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) बसवला असेल किंवा गाडी फक्त ट्रॅकवर जात असेल, तर मात्र मी स्वतः 71 चाच लावून देतो.

पिस्टनराव: बघा, लावून देतात! माझी गाडी ट्रॅकचीच आहे.

गॅरेज_काका: ते पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं, राव?