थर्माकोलच्या पेटीत एका बाजूला 39, दुसऱ्या बाजूला 36. पंखा असून हवा फिरत नाही का?

गावठाणवाला (घणसोली)

नमस्कार मंडळी. जरा बघा माझं कुठे चुकतंय.

म्हावऱ्याची थर्माकोलची मोठी पेटी आणून अंडी उबवायचा इन्क्युबेटर केलाय. चार वेळा धुतली, तरी पहिले दोन दिवस आतून बोंबलाचाच वास येत होता. डाव्या भिंतीला 40 वॅटचे दोन पिवळे बल्ब, झाकणाच्या मध्यभागी कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा, तोंड खाली. लॅमिंग्टन रोडवरून डब्ल्यू-1209 (तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारं सर्किट) आणला, त्याचा सेन्सर पंख्याजवळच लोंबकळतोय. अंडी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये. कोपऱ्यात पाण्याचं मोठं वाडगं. हवेसाठी चार भोकं पाडली होती, पण ऊब जाते म्हणून दोन चिकटपट्टीने बंद केली.

आजीच्या कोंबड्यांची 24 अंडी ठेवली, निघाली 7. तीही 21 ते 23व्या दिवसापर्यंत रडतखडत. बाकीची फोडून पाहिली. 3 वांझ. बल्बकडच्या 6 अंड्यांत नुसतं रक्ताचं कडं. आणि उजव्या कोपऱ्यातली 8 पिल्लं पूर्ण वाढलेली, पण ओलीचिंब, चिकट, सुजल्यासारखी. ती बघून खरंच वाईट वाटलं.

आता रिकाम्या पेटीत तीन थर्मामीटर ठेवून बघितलं. बल्बकडे 39.1, मध्ये 37.6, उजव्या मागच्या कोपऱ्यात 36.2. डिस्प्ले 35.5 ते 37.5 खालीवर होतो, ते नॉर्मल असावं. आर्द्रता 74.

आजी म्हणते, "कोंबरीला कदी थर्मामीटर लागला नाय." तिची खुडूक कोंबडी 12 अंड्यांतून 11 काढते, त्यामुळे घरात मला तोंड नाही.

वायरमन (कळवा)

पंखा कुठून जोडलायस?

गावठाणवाला

बल्बच्याच लाइनवर, दादा. रिले (त्या सर्किटमधला स्विच) पडला की बल्ब आणि पंखा दोन्ही बंद.

वायरमन (कळवा)

मग झालं की! बल्ब बंद असताना तुझ्या पेटीत हवा मेलेली असते. गरम हवा वर जाऊन बसते, गार हवा खाली कोपऱ्यात. पंखा 24 तास चालू पाहिजे. डब्ल्यू-1209ला जो 12 व्होल्टचा अडॅप्टर आहे, त्यालाच पंखा थेट जोड. रिलेवर फक्त बल्ब.

दुसरं, ते 35.5 ते 37.5 नॉर्मल नाही. त्या सर्किटमध्ये पी-1 नावाचं सेटिंग आहे, कंपनीतून 2 अंशांवर येतं. म्हणजे 37.5ला बल्ब विझतो तो 35.5 होईपर्यंत पेटतच नाही. ते 0.2 कर. सेन्सर झाकणाला नको, अंड्यांच्या पाठीच्या उंचीवर, मधल्या रांगेत ठेव.

तिसरं, बल्बची झळ. हवा फिरवून ती कमी होत नाही, कारण बल्बसमोरचं अंडं सरळ त्या झळेने तापतं, उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बल्ब आणि अंडी यांच्यात आडवी भिंत घाल. पत्र्याच्या वरच्या बाजूला पंखा बसव, तोंड अंड्यांकडे, झाकणालगत हवा फेकणारा. खाली दोन इंच फट सोड. हवा वरून उजव्या भिंतीपर्यंत जाईल, खाली उतरेल आणि अंड्यांच्या खालून परत बल्बकडे येईल.

पण पुठ्ठ्याचा ट्रे असेल तर ती येणार कुठून? ट्रे फेक. वेल्डमेशची जाळी घे, तीन इंचांच्या पायांवर ठेव, भिंतींपासून दोन बोटं जागा सोड. बल्ब थर्माकोलपासून चार बोटं लांब, नाहीतर पिल्लांआधी पेटीच जाईल. आणि 230 व्होल्टच्या वायरी पाण्याच्या भांड्यावरून नेऊ नकोस.

कोलशेतची ताई

वायरिंगचं दादांनी सांगितलंच आहे. मी त्या 8 पिल्लांचं बोलते. ओलं, चिकट, सुजलेलं पिल्लू म्हणजे आर्द्रता जास्त आणि हवा कमी. भोकं बंद करून ऊब वाचवलीस, पण शेवटच्या दिवसांत पिल्लाला प्राणवायू जास्त लागतो, तोच तोडलास. दोन भोकं खाली बल्बकडच्या कप्प्यात, दोन वर लांबच्या बाजूला, आणि सगळी उघडी.

पावसाळ्यात आपल्याकडे पाणी जवळजवळ लागतच नाही. बाहेर 27 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असलेली हवा 37.5ला तापली की तिची आर्द्रता आपोआप 50च्या आसपास येते. पहिले 18 दिवस तेवढंच पाहिजे. मी जुलै-ऑगस्टमध्ये वाटी कोरडीच ठेवते. 18व्या दिवसानंतर 65-70 करायची, तेव्हा पसरट ताटलीत ओला स्पंज ठेव. खोल वाडग्याचा उपयोग नाही, पाण्याचा पसारा महत्त्वाचा.

मीटरवर विश्वास नसेल तर किचनच्या काट्यावर अंडं तोल. 45 ग्रॅमचं अंडं 18व्या दिवशी 40च्या आसपास यायला हवं. 43-44वरच अडलं तर आत ओल जास्त आहे.

गावठाणवाला

बारा दिवसांनी लिहितोय, उशीर झाला.

सगळं उसवून पुन्हा केलं. अंडी ठेवायच्या आधी एक उद्योग केला. झाकणाला काच लावली आणि आत उदबत्ती. पत्रा बसवायच्या आधी धूर बल्बवरून सरळ पंख्यात जात होता आणि तिथल्या तिथे गोल फिरत होता. उजव्या कोपऱ्यातल्या उदबत्तीचा धूर दोऱ्यासारखा सरळ उभा, हलायलाही तयार नाही. पत्रा लावला, पंखा वर घेतला आणि तोच दोरा मोडून जाळीखाली घुसला! आजीलाही दाखवलं. ती म्हणाली देव्हाऱ्यातल्या उदबत्त्या परत ठेव.

आकडे आता 37.7, 37.5, 37.3. डिस्प्ले जेमतेम हलतो. पाणी काढून टाकलं, आर्द्रता 48 ते 52.

22 अंडी ठेवलीत. काल आठव्या दिवशी टॉर्च मारला. 18मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका, 3 वांझ, 1 कळत नाही. आजीने मुद्दाम त्याच दिवशी खुडूक कोंबडीखाली 10 ठेवलीत. श्रावण चालू आहे म्हणून आमच्याकडे सध्या कोंबड्यांना तसं अभयच आहे.

कोलशेतची ताई

छान! ते न कळणारं राहू दे, चौदाव्या दिवशी परत बघ. 18व्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत, आणि पहिली टोच दिसली म्हणून झाकण उघडायचं नाही. ओल जाते आणि आतलं पापुद्रं सुकून पिल्लाला चिकटतं. काच लावलीस ना, तिच्यातूनच बघ.

वायरमन (कळवा)

40चा एक जास्तीचा बल्ब घरात आणून ठेव. विसाव्या रात्रीच उडतो.